दंडावरची चार अक्षरं

दाभणाला टोचलेला बिब्बा चारुलताबाईंनी चिमणीच्या ज्योतीवर धरला. तेल सुटलं, चरचरलं, काळा थेंब टोकाशी लोंबला, आणि त्यांनी तो डाव्या दंडाच्या आतल्या अंगाला टेकवला. दुसऱ्याच्या कामात बिब्बा घालणाऱ्या बायका मंचेरियलच्या त्या कॉलनीत घरटी एक होत्या. स्वतःच्याच अंगाला लावणारी ही पहिली. तोंडातून आवाज फुटू नये म्हणून त्यांनी पदराचा बोळा दातांत धरला होता. न्हाणीघराची कडी आतून लावलेली, नळ मोठा सोडलेला.

"अगं, वास कसला येतोय?" नरसिंगरावांनी बाहेरून विचारलं.

चारुलताबाईंनी बोळा काढला. "टाचांच्या भेगांना बिब्बा लावतेय."

"लाव, लाव. जपानात चालायचंय तुला," असं म्हणत ते समाधानाने आपल्या वर्तमानपत्राकडे परतले.

गेला महिनाभर हे असंच चाललं होतं. आधी चुना आणि पापडखार झाला. मग रुईचा चीक झाला. मग वजरी. घासून घासून वजरी सुपारीएवढी उरली, कातडी सोलवटली, पण खपली पडली की खालून हिरवी अक्षरं ताजीतवानी होऊन वर येत, जणू झोपेत कोणी गिरवून जात असावं. महिपत.

या सगळ्याला कारण पद्मिनीताईंचं जपान. पद्मिनीताईंचे यजमान खाणीत इंजिनियर. यंत्रांचं शिक्षण घ्यायला ते जपानला गेले तेव्हा ताई सोबत सहा महिने राहून आल्या, आणि तेव्हापासून त्या जपानातून खाली उतरल्याच नव्हत्या. त्यांच्या जपानात मुंग्यासुद्धा उंबऱ्यापाशी पायातलं काढून मग आत येत. दोन म्हाताऱ्या रस्त्यात भेटल्या की आधी कोणी वाकणं थांबवायचं या भिडेत दिवस मावळे. यातलं निम्मं सोडून द्यावं. पण मिचिको-सान खरी होती. ती फक्त बायकांना घेऊन, एका वेळी चौघी-पाचजणी, डोंगरातल्या जुन्या वाटेने फिरवी. काही वाट पायी, काही सायकलीवर. मुक्काम लाकडी सरायांत, चटईवर. येत्या चैत्रात आपल्या मैत्रिणींना घेऊन ये, असं तिने पद्मिनीताईंना कळवलं होतं. ही ब्याण्णव सालची गोष्ट.

चौघी ठरल्या. पद्मिनीताई, शाळेतल्या कुसुमबाई, चारुलताबाई आणि जयवंताबाई. जयवंताबाई नर्स, खेड्यापाड्यांत सायकलवर हिंडून बाळंतपणं करणारी, मुधोळकडची, जिभेची तिखट. चौघींत सायकल येणारी ती एकटीच, म्हणून बाकीच्या तिघींची मास्तरीण.

एका बैठकीत पद्मिनीताईंनी अंघोळीचा विषय काढला.

"सरायीत पोचलं की आधी अंघोळ. गरम पाण्याचा मोठा हौद, सगळ्या बायका एकत्र. अंगावर सूतभर कापड चालत नाही."

"लुगडं बी नाई?" जयवंताबाईंनी विचारलं.

"एक रुमाल असतो. तो डोक्यावर ठेवायचा."

"बरं हाय. झाकायचं ते उघडं, अन् डोक्शावर पदर."

कुसुमबाई हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. पद्मिनीताई हसल्या नाहीत. जपानच्या बाबतीत त्या हसत नसत.

"आणखी एक. गोंदलेलं असेल तर हौदात उतरू देत नाहीत. तिकडे गुंड लोक गोंदवून घेतात."

जयवंताबाईंनी हनुवटीवरच्या हिरव्या ठिपक्याला बोट लावलं. "म्हंजे मी गुंडीन झाली."

"त्यावर चिकटवायच्या पट्ट्या मिळतात, मिचिको आणून ठेवेल. कोणाचं कुठे आहे, केवढं आहे, ते मला आजच दाखवा."

कुसुमबाईंनी मनगटावरची तुळस दाखवली. मग तिघी चारुलताबाईंकडे बघू लागल्या.

"माझं काही नाही," चारुलताबाई म्हणाल्या, आणि कोपरापर्यंत आलेली पोलक्याची बाही आणखी खाली ओढली.

थाप एकदा तोंडातून गेली की ती सांभाळायला पुढे दहा माणसांचं काम पडतं, आणि चारुलताबाई एकट्या होत्या.

महिपत म्हणजे त्यांचा नवरा. पहिला. तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या आणि त्यांचं नाव भागीरथा होतं. मुधोळजवळच्या खेड्यात लग्न लागलं, अंगाची हळद उतरण्याआधी सासूने गोंदणारीण बोलावली आणि तेरा वर्षांच्या लेकाचं नाव सुनेच्या दंडावर टोचून घेतलं. आतल्या अंगाला, परक्याला दिसू नये असं. पावसाळा सरेपर्यंत तो तापाने गेला. हैदराबादच्या आत्याने भागीरथाला उचलून नेलं, शाळेत चारुलता म्हणून घातलं, आणि पुढे आपल्याच दारातून, अंतरपाट धरून, कोऱ्या मुलीसारखं तिचं लग्न लावून दिलं. नरसिंगरावांना विधवेशी पाट लावायचा नव्हता; त्यांच्या घराण्यात तसलं चालत नसे.

पहिल्याच रात्री त्यांचं बोट त्या अक्षरांवर थांबलं होतं.

"हे काय?"

"आमच्या कुळातला देव," ती म्हणाली. "महिपतबाबा."

ऑफिसात प्रत्येक बेरीज तीनदा तपासणाऱ्या त्या माणसाने तीस वर्षांत पुन्हा म्हणून विचारलं नाही. चारुलताबाई त्या विश्वासात राहत होत्या, जसं माणूस घरात राहतं. आणि जयवंताबाईंना मुधोळकडचे सगळे देव, म्हसोबा, अंगात खेळणाऱ्या बाया, अगदी चिंचेवरचे मुंजेसुद्धा नावानिशी ठाऊक होते. असा देव आमच्याकडं नाई, एवढं एक वाक्य त्यांनी म्हटलं की संपलं. सकाळी जयवंताबाईंना कळलेलं दुपारच्या गाडीआधी बेल्लमपल्लीला पोचत असे.

मग न जाणं सोपं नव्हतं का? चारुलताबाईंनी तेही करून पाहिलं. तीनदा 'माझं रद्द करा' म्हणायला पद्मिनीताईंच्या दारापर्यंत गेल्या आणि तीनदा विरजण मागून परत आल्या. शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा सायकल त्यांच्या पायांनी, कोणी न धरता, कवठाच्या झाडापर्यंत गेली होती तेव्हा त्या उतरून झाडाआड उभ्या राहून रडल्या होत्या. पन्नाशी आली तरी आपण होऊन कुठे जाता येतं हे पायांना माहीत नव्हतं. आता झोपेतसुद्धा त्यांचे पाय पायडल मारत आणि नरसिंगराव भिंतीकडे सरकून, लाथा खात, कौतुकाने सांगत की आमच्या हिने काल निम्मं जपान ओलांडलं.

बिब्बा उतला. दुसऱ्या दिवशी दंड वांग्यासारखा फुगला, काखेत गाठ आली, अंग कढू लागलं. तरी त्या मैदानावर गेल्या. सायकलची सीट मागून धरून चालताना जयवंताबाईंनी त्यांच्याकडे एकदा बघितलं, मग पुन्हा बघितलं.

"हात काऊन आखडून धरून राह्यल्या?"

"डास चावला."

"कवढा होता डास? कोंबड्याएवढा?"

चारुलताबाईंनी जोरात पायडल मारलं. सीटवरचा हात सुटला नाही.

आणि मग सरावाचा रविवार आला. पद्मिनीताईंचा हुकूम होता की सगळं तिथल्यासारखं व्हायला हवं. गोदावरीपर्यंत सायकली, तिथून काठाकाठाने पायी, आणि त्यांच्या ओळखीच्या एका जुन्या बंगल्यावर मुक्काम. बंगल्यात दगडी हौद होता. माळीणबाई हंडे तापवून तो भरून ठेवणार होती.

चारुलताबाईंनी दंडाला फडकं गुंडाळलं, वर लांब बाहीचं पोलकं चढवलं आणि निघाल्या. ताप डोळ्यांत उतरला होता. रस्ता कधी दोन दिसे, कधी एक. नदीकडच्या उताराला लागल्यावर त्यांना उपाय सुचला. पाय मोडला तर सगळंच सुटेल. प्लास्टर घातलेल्या बाईला हौदात कोण उतरवतंय? उजवीकडे खोल नाला होता. त्यांनी डोळे मिटले, हँडल नाल्याकडे वळवलं आणि ब्रेक सोडून दिला. पण महिनाभर काही कारण नसताना पडणारी ती सायकल त्या दिवशी पडायला तयार होईना. नाल्याच्या काठाकाठाने धावली, एका दगडावरून उडाली, दोन शेळ्यांच्या मधून गेली आणि परत रस्त्याला लागून सरळ चालू लागली.

"वा चारुलताबाई," मागून पद्मिनीताई म्हणाल्या. "तिथल्या बायका अशाच चालवतात."

नंतरची पायवाट त्यांना आठवत नव्हती. पायांखाली वाळू होती, पुढे कुसुमबाईंची रुंद पाठ होती, एवढंच.

हौदाची खोली वाफेने भरली होती. दार लावून घेतल्यावर पद्मिनीताईंनी अगदी शिकवल्यासारखे कपडे उतरवले, घडी केली, रुमाल डोक्यावर ठेवला आणि पाण्यात शिरल्या. कुसुमबाई आधी लाजल्या, मग डोळे मिटून उतरल्या आणि हौदातलं पाणी काठावरून बाहेर आलं. चारुलताबाई परकर छातीवर बांधून भिंतीला टेकून उभ्या होत्या. दंडावर फडकं.

"ते फडकंसुद्धा सोडा हो," पद्मिनीताई म्हणाल्या. "ओलं होऊन चिकटेल. काय झालंय?"

"भाजलंय थोडं."

"द्या इकडं," जयवंताबाई पुढे आल्या. "माझं कामच हाय."

"नको."

"डोळे कसे लाल झाले पाहा. पिकलं असन. सकायपासून पाहून राह्यली मी."

चारुलताबाई आणखी मागे सरकल्या, पण मागे भिंतच होती. जयवंताबाईंनी मनगट धरलं. रडणारी पोरं धरून सुया टोचणारा तो हात. त्यातून सुटणं कोणाला जमलं नव्हतं.

"जयवंताबाई, पाया पडते तुमच्या," त्या इतक्या हळू म्हणाल्या की ते वाफेतच राहिलं.

गाठ सुटली होती.

कातडी गेली होती. भोवती लाल, फोडांनी भरलेलं, आणि मधोमध हिरवी, स्वच्छ, चार अक्षरं. जयवंताबाई वाकल्या. त्यांचे ओठ शाळेतल्या पोरीसारखे एकेका अक्षराला हलले. मग थांबले. मग पहिल्यापासून पुन्हा हलले.

चारुलताबाईंनी डोळे मिटून घेतले आणि त्या वाक्याची वाट बघत राहिल्या.

"काय आहे हो?" हौदातून कुसुमबाईंनी विचारलं. पाणी खळबळलं, त्या उठत होत्या.

"काई नाई. बिब्बा उतला," जयवंताबाई मान न वळवता म्हणाल्या. "तुमी पान्यातच राहा. इकडं नका येऊ, पू वाहून राह्यला."

पू नव्हता. चारुलताबाईंनी डोळे उघडून दंडाकडे बघितलं, मग जयवंताबाईंकडे. त्या अशा सरकून उभ्या राहिल्या होत्या की हौदातून त्यांची उघडी पाठ तेवढी दिसावी.

"गोंदनारीन आली तवा लई रडल्या तुमी," जयवंताबाई म्हणाल्या. आवाज अगदी खाली आला होता. "आंगनात, पाटावर. गप व्हावं म्हनून एका पोरीनं तुमच्या तोंडात गूळ कोंबला. ध्यानात हाय?"

वाफेत काहीतरी हललं. शेंबडी, पायात वाळे, मुठीत गुळाचा खडा घट्ट धरलेली. दिवसभर पदराला धरून वयनी वयनी करत मागे फिरणारी.

"ठकी," चारुलताबाई म्हणाल्या.

"हव. सासरी जयवंता झाली."

त्यांनी खाली बसून पिशवीतलं मलम काढलं. झाकण फिरेना. अर्ध्या तालुक्याची पोरं ज्यांनी बाहेर काढली त्या हातांना एवढंसं झाकण उघडेना. चारुलताबाई शेजारी बसल्या आणि त्यांनी उजव्या हाताने डबी धरली. मग ते फिरलं.

"मी लई शोधलं तुमाले. माय म्हने, पोरीचं भलं झालं असन तर शोधू नको." जयवंताबाई बोटाच्या टोकाने अक्षरांच्या कडेकडेने मलम लावत होत्या, एकाही अक्षराला बोट न लागू देता. "माय गेली, बाबा गेले. घर पडलं. दादाचा फोटो कोनी काढलाच नवता. नाव लिवलेलं कुठंच नाई राह्यलं, वयनी. मले वाटे, होता का नवता."

चारुलताबाईंनी दंड आणखी पुढे केला.

"घासू नका आता."

"यांना मी..." चारुलताबाई कशाबशा म्हणाल्या. "यांना काय सांगितलंय ते तुम्हाला..."

"घरचं तुमी पाहा. मी काई बोलत नाई. तिकडं जपानात रोज पट्टी मी बांधीन, दुसऱ्या कोनाले हात लावू देनार नाई."

"अहो, किती वेळ," पद्मिनीताईंचा आवाज आला. "तिथे दुसऱ्याला ताटकळत ठेवणं असभ्य समजतात."

"आलो, आलो," जयवंताबाई म्हणाल्या.

त्यांनी कोरी पट्टी काढून तिचं टोक दंडावर ठेवलं. चारुलताबाईंनी ते अंगठ्याने दाबून धरलं. एक वेढा कोपराच्या वर बसला, दुसरा त्याच्याही वर. तिसरा वेढा अक्षरांपाशी आला आणि जयवंताबाईंचा हात तिथेच थबकला.

"थांबा," त्या म्हणाल्या. "अजून एक डाव वाचू द्या."