गेलेल्या पाच दातांची कारणं

धाकट्या जावेने कवळीचा रंगसुद्धा ठरवून टाकला होता. थोरलीला राग आला तो त्याचाच.

"हस्तिदंती की दुधी, असं विचारलं त्यांनी. मी दुधी सांगितला."

"तोंडात तेवीस दात ठणठणीत, आणि बाईसाहेब रंग निवडून आल्या. पडदे शिवायला टाकलेत का?"

"अगं ताई, हिरड्यांचा रोग चौथ्या पायरीला गेलाय म्हणे. त्याच्यापुढे पायरीच नाही. सगळे दात काढायचे, उद्यापासून सुरुवात."

थोरलीने चौतीस वर्षं दातांच्या दवाखान्यात मदतनीस म्हणून काढली होती. तिच्या डॉक्टरांच्या लेखी हिरड्यांचे प्रकार तीनच होते: सुजलेली, पू आलेली आणि दात सोडून दिलेली. पहिलीला गुळण्या, दुसरीला सफाई, तिसरीला चिमटा. सगळं एका पुठ्ठ्याच्या कार्डावर पेन्सिलीने मावायचं. ती अजूनही 'आमचे डॉक्टर' म्हणायची, तेव्हा तिचा आवाज आपोआप खाली यायचा.

दुसऱ्या दिवशी ती धाकटीबरोबर गेली. नवा डॉक्टर सव्वा तास उशिरा आला. तेवढ्या वेळात भिंतीवरचा तक्ता थोरलीने दोनदा वाचून काढला. रोग किती खोल गेला त्याच्या चार पायऱ्या, किती वेगाने वाढतोय त्याच्या अ, ब, क अशा तीन प्रती. गोळ्यांमुळे सुजलेल्या हिरड्यांचा रकाना वेगळा, साखरेच्या आजाराचा वेगळा. फळबाजारातसुद्धा मालाची इतकी प्रतवारी करत नाहीत, असं तिच्या मनात आलं. पण तक्ता विचार करून केलेला होता, हे तिला नाइलाजाने मान्य करावं लागलं.

डॉक्टर आला तो कॉम्प्युटरच्या पडद्याकडे बघतच. धाकटी खुर्चीत आडवी झाली, गळ्याशी कागदी रुमाल लागला, तरी त्याची नजर काही तिच्या तोंडाकडे वळेना.

"चौथी पायरी कशावरून?" थोरलीने विचारलं.

"आजी, हे जरा तांत्रिक असतं."

"आजी तुमच्या घरी. इथे मी पेशंटची मोठी जाऊ. पडदा इकडे फिरवा."

त्याने फिरवला. हिरडी आणि दात यांच्यामधली खोली प्रत्येक दाताशी मिलिमीटरमध्ये मांडलेली होती. तीन, चार, तीन, कुठे पाच. पाचाच्या वर एकही आकडा नव्हता.

"एवढ्यावर तर दुसरी पायरी होते. बाहेर तुमच्याच भिंतीवर लिहिलंय."

"हो, पण पाच दात आधीच गेलेत. हिरड्यांच्या रोगाने पाच गेले की चौथी. कॉम्प्युटर आपोआप लावतो."

"हिरडीनेच गेले, हे त्याला कुणी सांगितलं?"

"कारणाचा रकाना रिकामा सोडला की तो तेच धरतो. या वयात बहुधा तेच असतं."

"म्हणजे तुम्ही विचारलंच नाही. एवढा थोरला तक्ता टांगलात, आणि तोंड उघडून एक प्रश्न विचारायचा तुम्हाला कंटाळा."

डॉक्टरने मान खाली घातली. "बरं, सांगा. कसे गेले?"

"पुढचा लोखंडी जिन्यावरून पडून गेला. रेल्वेचा संप होता त्या वर्षी."

"आणि चार दाढा?"

त्या चारही दाढा थोरलीने स्वतः धरलेल्या ट्रेमध्ये पडल्या होत्या. दाढ भरायला तास लागायचा, उपटायला पाच मिनिटं, आणि शनिवारी आमच्या डॉक्टरांना पत्त्यांच्या डावाला पोचायचं असायचं. इतक्या वर्षांत तिने हा विषय कुणाकडे काढला नव्हता. आताही झाकून ठेवता आलं असतं. मात्र मग समोर आडवी पडलेली ही बावळट उरलेले तेवीस दात घालवून घरी आली असती.

"कीड होती," ती म्हणाली. "हिरडी चांगली होती. चारातल्या दोन तर भरून राहिल्या असत्या. आमच्या डॉक्टरांना घाई होती."

डॉक्टरने पाच ठिकाणी कारण बदललं. चाराच्या जागी दोन आला. "काढायला नकोत मग," तो म्हणाला, जसं काही हे त्यालाच सुचलं होतं. "आज सफाई करू. तीन महिन्यांनी परत मोजू."

"मोजाल तेव्हा तोंडात बघून मोजा."

खुर्चीतून धाकटी उठून बसली. "दोन दाढा राहिल्या असत्या?"

"हो."

"आणि तू तेव्हा मला म्हणालीस, काढून टाक, कटकट जाईल."

"म्हणाले."

"तेवीस वर्षं मी एका बाजूने चावतेय, ताई. आणि तू तुझ्या त्या डॉक्टरांचे गोडवे गातेस."

धाकटी पुन्हा आडवी झाली. "ह्यांना सफाई करू दे आधी. तुझ्याशी घरी गेल्यावर बोलते," ती म्हणाली आणि तिने डॉक्टरपुढे तोंड उघडलं.