पायाने दिलेली हाक

मित्रांनो, मी एक जुनी गादी आहे. झोपायची नव्हे, पडायची! पोलीस प्रशिक्षण केंद्राच्या हॉलमध्ये मी चौदा वर्षं जमिनीवर पसरलेली होते.

एका लहानशा कारखान्यात मी जन्मले. एका कारागीर बाईने फोमच्या जाड थरावर निळं रेक्झिन चढवलं. कडेची शिवण घालणाऱ्या शेजारणीला ती म्हणाली, "टाके जवळजवळ घाल गं. हिच्यावर कुणाची तरी पोरं आपटणार आहेत."

आणि खरंच, दर सहा महिन्यांनी नवी पोरं-पोरी यायची. त्यांना शिकवायला उस्ताद होते. वय पन्नाशीचं, गुडघ्याला पट्टा, आवाज खणखणीत. गुन्हेगाराचं सोंगही तेच घ्यायचे. "बेसावध राहिलात तर चोर दात घशात घालेल," असं म्हणत ते पोरांवर धावून जायचे आणि मग हसत हसत त्यांनाच हात देऊन उठवायचे.

पण एक गोष्ट ते हसत सांगत नसत. "बळ लागेल तेवढंच वापरायचं. हातकडी लागली की पाठीवरून उतरायचं आणि माणसाला कुशीवर वळवायचं. पालथ्या माणसाच्या पाठीवर वजन राहिलं, की त्याची छाती फुलत नाही." सरावात कुणाला असह्य झालं, तर त्याने माझ्यावर हाताने दोन थापा मारायच्या. थाप म्हणजे 'बस'.

एका तुकडीत एक उंचापुरा मुलगा होता. त्याला सगळे पैलवान म्हणत. त्याचे वडीलही शिपाई होते. हातातून निसटलेल्या एका आरोपीने त्यांचा डावा डोळा निकामी केला होता. घरून निघताना त्यांनी मुलाला एवढंच बजावलं होतं, "पकडलंस की सोडू नकोस." पैलवानाने ते मनात कोरून ठेवलं होतं. त्याच तुकडीत मास्तरीण होती. आधी ती बालवाडीत शिकवायची, म्हणून हे नाव. अंगाने किरकोळ, बोलायला कमी.

अंतिम परीक्षेचा दिवस उजाडला. परीक्षक साहेब शिट्टी आणि गुणपत्रिका घेऊन बसले. त्यांनी ताकीद दिली, "शिट्टीशिवाय कुणी हलायचं नाही. रांग मोडली तर शून्य."

पैलवानाचा नंबर आला. उस्ताद जाड जाकीट आणि शिरस्त्राण घालून पिसाळल्यासारखे त्याच्या अंगावर आले. झटापटीत त्यांचं कोपर पैलवानाच्या ओठावर बसलं. रक्ताचा थेंब माझ्यावर पडला आणि पैलवानाचं डोकं फिरलं. त्याने उस्तादांना उचलून पालथं आपटलं, हात मागे ओढले, एक हातकडी लावली, दुसरी लावली. रांगेतून कौतुकाची कुजबुज झाली. साहेब मान खाली घालून गुण लिहू लागले.

पैलवान मात्र उतरला नाही. त्याचा गुडघा उस्तादांच्या पाठीत रुतलेलाच होता.

उस्तादांची छाती माझ्यावर टेकलेली होती. ती वर येईना. ते "बस" म्हणाले, पण तोंड माझ्यात दाबलेलं होतं. तो शब्द माझ्याच फोममध्ये जिरला. आयुष्यभर मी माझ्या मऊपणाचा अभिमान बाळगला होता. त्या क्षणी वाटलं, मी दगड असते तर बरं झालं असतं.

थाप मारायला हात मोकळे नव्हते. मग त्यांनी पायाचा अंगठा आपटला. एकदा. पुन्हा एकदा. सगळ्यांचे डोळे हातकडीवर होते. मला सगळं कळत होतं आणि मला ओरडता येत नव्हतं. तिसरी थाप अगदी हलकी पडली.

तेवढ्यात माझ्यावर धावती पावलं उमटली.

"पैलवान, ऊठ! ते पाय आपटताहेत!" मास्तरीण ओरडली. त्याला ऐकूच गेलं नाही. तिने दोन्ही हातांनी त्याचा खांदा ओढला. त्याने तिला झटकलं. ती पडली, उठली आणि अंगातलं सगळं बळ लावून त्याला आडवं ढकललं. मग उस्तादांना कुशीवर वळवून तिने शिरस्त्राणाचा पट्टा सोडला. "श्वास घ्या, उस्ताद. घ्या ना!"

एक लांब, खरखरीत श्वास आत गेला. मीही तो घेतला असं मला वाटलं.

साहेब उभे राहिले होते. "तुला रांग मोडायला कुणी सांगितलं?"

उस्ताद खोकत बसते झाले. ते धापा टाकत म्हणाले, "साहेब, तीस जण बघत होते. दिसलं हिला एकटीला. हिला शून्य दिलंत, तर बाकीच्यांना काय द्याल?"

साहेबांनी गुणपत्रिका खाली ठेवली. ते हळूच म्हणाले, "शिट्टी माझ्याच हातात होती." मास्तरीण पास झाली. पैलवानाला सहा आठवड्यांचं प्रशिक्षण पुन्हा घ्यायला सांगितलं. तो भिंतीला टेकून बसला होता. "मला काहीच ऐकू आलं नाही," एवढंच तो पुटपुटत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो उस्तादांना आणि मास्तरणीला घेऊन हॉलमध्ये आला. "मला पालथं पाडा. हातकडी घालून. मला कळायला हवं."

मास्तरणीने उस्तादांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. पैलवानाचा गाल माझ्यावर टेकला, तिचा गुडघा त्याच्या पाठीवर आला. त्याचं काळीज माझ्यावर धडधडत होतं. लगेचच त्याचा पाय आपटला. ती तत्क्षणी उतरली आणि तिने त्याला कुशीवर वळवलं.

पडल्यापडल्याच तो म्हणाला, "ताई, मिनिटभर तरी झालं असेल ना?"

"चार सेकंद," ती म्हणाली.

त्यानंतर नियम बदलला. 'बस' म्हणायचा अधिकार रांगेतल्या प्रत्येकाला मिळाला.

पुढे माझी शिवण उसवली. कुणी दोन टाके घातले नाहीत. एका मुलीचं बोट त्या फटीत अडकून मोडलं, तेव्हा मला उचलून कोठीतल्या कपाटामागे उभं केलं. मला राग नाही, त्या बोटाचं मात्र वाईट वाटतं.

मित्रांनो, तुमच्या शाळेतही माझ्यासारखी गादी असेल. तिची शिवण उसवली तर लगेच सांगा. आणि मस्ती करताना तिच्यावर कुणी खाली दबलेला दिसला, तर रांगेत उभे राहू नका. जवळ जा, वाका आणि विचारा, "श्वास घेता येतोय ना रे?" उत्तर येईपर्यंत तिथून हलू नका.