प्रॉक्सीचा नंबर

"ताई, अजून एकदा बघा ना," इस्पितळाचं नेट सांभाळणारे नेटवाले म्हणाले.

"किती वेळा बघू? 'प्रॉक्सी सर्व्हर प्रतिसाद देत नाही.' पाठ झालंय मला," लॅबवाल्या ताई वैतागल्या. "वहिनींचा रिपोर्ट मोठ्या लॅबनं साइटवर टाकलाय. ती साइट फक्त आपल्या नेटवरूनच उघडते. फोन केला तर 'साइटवर बघा' म्हणतात."

बाहेर बाकावर नेटवाल्यांची बायको बसली होती. तिच्या मानेवरच्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता, आणि नवऱ्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता.

इस्पितळातले सगळे कॉम्प्युटर एका जुन्या मशीनमार्फतच बाहेरच्या नेटवर जात. तीच प्रॉक्सी. नेटवाले तिला आत्याबाई म्हणत, कारण तिला विचारल्याशिवाय घरातलं पान हलत नसे. आज आत्याबाई रुसल्या होत्या. त्यांना बंद करून पुन्हा चालू केलं, व्यर्थ. पिंग केलं, म्हणजे 'आहात का' अशी हाक मारली, तर ओ मात्र लगेच येत होती.

शेवटी चिडून त्यांनी आत्याबाईंची केबलच उपटली आणि पुन्हा हाक मारली. ओ आलीच!

केबल हातात लोंबत होती. आत्याबाईंच्या नावानं दुसरंच कुणीतरी ओ देत होतं.

मग त्यांना आठवलं. काल औषधांच्या खिडकीत नवा प्रिंटर त्यांनीच बसवला होता, लक्ष सारं त्या गाठीत ठेवून. प्रत्येक कॉम्प्युटरवर प्रॉक्सीचा नंबर टाकून टाकून तो बोटांना पाठ झाला होता. नेटवर प्रत्येक मशीनचा नंबर वेगळा हवा, तोच त्याचा पत्ता; बोटांनी मात्र प्रॉक्सीचाच प्रिंटरला देऊन टाकला होता, आणि तिच्या हाका प्रिंटरकडे जात होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

ते जवळजवळ धावतच औषधांच्या खिडकीकडे गेले. प्रिंटरची केबल काढली, परत येऊन आत्याबाईंची लावली.

"उघडलं!" ताई ओरडल्या. त्यांनी रिपोर्ट वाचला, पुन्हा वाचला. "साधी गाठ आहे हो. कॅन्सर नाही."

नेटवाल्यांचे डोळे भरून आले, ते त्यांनी लपवले नाहीत.

ते बाकावर बायकोशेजारी जाऊन बसले आणि एका दमात सगळं सांगितलं, प्रिंटरसकट. तिनं डोळे मिटून घेतले. मग एकदम हसायलाच लागली.

"म्हणजे माझ्याच गाठीनं माझा रिपोर्ट अडवला होता!"

तेवढ्यात खिडकीतून हाक आली. "अहो नेटवाले, प्रिंटर परत कधी लावताय? इथं रांग लागलीय!"

"लागू दे," नेटवाले पुटपुटले. आजवर त्यांनी एकही तक्रार ताटकळत ठेवली नव्हती.

"लागू दे काय? आजारी माणसं आहेत ती. उठा," बायको म्हणाली आणि त्यांची हत्यारांची पिशवी उचलून पुढे चालू लागली. प्रिंटरपाशी पोचल्यावर ती म्हणाली, "आता नवा नंबर मोठ्यानं म्हणत टाका. मी ऐकते."

ते एकेक आकडा म्हणत गेले. प्रत्येक आकड्याला ती 'हं' म्हणत होती. शेवटच्या आकड्याला, इतके दिवस दाबून धरलेली भीती सुटून, तिचा आवाज कापला, तरी 'हं' तिनं म्हटलंच.