क्लोव्हिसचं उत्तर

व्हर्टिली मॅब्री पोस्टाच्या पायऱ्या चढली तेव्हा सकाळचे साडेनऊच वाजले होते, पण अलाबामातला ऑगस्ट काय घड्याळ बघून तापतो? पांढऱ्या हातमोज्यांच्या आत तिचे हात भिजून गेले होते. तरी तिने हातमोजे काढले नाहीत. सात वर्षं ज्या दिवसाची वाट पाहिली, त्या दिवशी ती उघड्या हातांनी जाणार नव्हती.

वॉशिंग्टनच्या केंद्र सरकारने १९६५चा मतदानाचा कायदा केला त्याला दोन आठवडे झाले होते. मतदारयादीत काळ्यांची नावं घालायला सरकारने थेट आपला माणूस पाठवला होता. आत उकडतं म्हणून त्याने टेबल पोस्टाच्या ओसरीवरच मांडलं होतं. तिथून निघालेली रांग चौक ओलांडून कापसाच्या गिरणीपर्यंत गेली होती. सगळे जण चर्चला जायच्या कपड्यांत आले होते. त्यांतल्या निम्म्या बायकांचे केस काल रात्रीपर्यंत व्हर्टिलीनेच सरळ करून दिले होते.

केस सरळ करणं हा तिचा धंदा आणि मतदारयादीत नाव लागण्याआधी द्यावी लागणारी घटनेची परीक्षा हा तिचा ध्यास. स्वयंपाकघरात शेगडीवर लोखंडी कंगवा तापत ठेवायचा, खुर्चीत बसलेल्या बाईचा कान चिमटीत धरायचा आणि विचारायचं, "सिनेटर किती वर्षांसाठी निवडतात? हलू नकोस, भाजेल." तापलेला कंगवा कानाशी असताना कोण उत्तर चुकेल? काउंटीतल्या निम्म्या बायकांना राज्यघटना अशी पाठ झाली होती, आणि त्यांच्याकडून घरच्या पुरुषांनाही.

पण परीक्षा घेणारा होता टॅगर्ट, काउंटीचा नोंदणी अधिकारी. व्हर्टिली सात वेळा कोर्टातल्या त्याच्या खिडकीशी उभी राहिली आणि सात वेळा तिच्या घरी नापासाचं कार्ड आलं. कारण कधीच लिहिलेलं नसायचं. तो एकसष्ट वर्षांच्या बाईला खुशाल 'मावशे' म्हणायचा आणि दर वेळी एकच वाक्य सांगायचा, "पुढच्या खेपेला ये."

सातही कार्डं आज तिच्या पर्समध्ये होती. पण सल त्यांचा नव्हता, क्लोव्हिसचा होता.

क्लोव्हिस तिचा नवरा, लाकडाच्या वखारीतला हमाल. तो एकदाच परीक्षेला बसला. टॅगर्टने त्याला देशाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातलं ते वाक्य वाचायला लावलं, सगळी माणसं समान जन्माला येतात असं सांगणारं. क्लोव्हिसने अडखळत का होईना, नीट वाचलं.

"सगळी म्हणजे कोण कोण?" टॅगर्टने विचारलं.

"सगळी," क्लोव्हिस म्हणाला.

"चूक."

त्यानंतर दोन वर्षं तो जगला. छातीत पाणी होऊन खाटेला खिळला तेव्हाही मधूनच विचारायचा, "व्हर्टी, मग बरोबर उत्तर काय होतं गं?" घटना तोंडपाठ असलेल्या व्हर्टिलीला ते सांगता यायचं नाही. आपण मठ्ठ आहोत असं समजूनच तो गेला.

टेबलामागे लिंडक्विस्ट नावाचा तरुण गोरा माणूस बसला होता. उन्हाने त्याचं नाक सोललं होतं. तिला पाहून तो उठून उभा राहिला. तेवढ्यानेच रांगेत कुजबुज झाली. तिने नाव सांगितलं.

"बसा, मिसेस मॅब्री. वय? पत्ता? इथं किती वर्षं राहता?"

तिने सांगितलं. त्याने लिहून घेतलं आणि कागद पुढे सरकवला.

"इथं सही करा. झालं."

"झालं? आणि परीक्षा?"

"परीक्षा नाही, मॅडम. बंद झाली."

"अहो, असं कसं? मी तयारी करून आलेय. एक तरी विचारा."

"मला विचारताच येत नाही. कायद्यानंच मनाई आहे."

मागून तिची जुनी शिष्या लुव्हेनिया ओरडली, "अहो बाई, करा की सही! पायांचे तुकडे पडले इथं. पीचची गोड पाई टोपलीतच शिजायला लागलीय!"

लोक हसले. व्हर्टिलीने पेन उचललंसुद्धा. तेवढ्यात पायऱ्यांखालून आवाज आला.

"करू दे, करू दे. वाचता येवो न येवो, आता काय! परीक्षा होती तोवर एक तरी पास झाला का यातला?"

टॅगर्ट होता. कोर्टातली खिडकी ओस पडली होती, म्हणून साहेब गंमत बघायला चौकात आले होते.

व्हर्टिलीने पेन खाली ठेवलं.

"मिस्टर टॅगर्ट, या वर. तुम्ही घ्या माझी परीक्षा."

"बाई!" लुव्हेनिया किंचाळली. "वेड लागलं का तुम्हाला?"

लिंडक्विस्ट घाईघाईने म्हणाला, "मॅडम, याची काही गरज नाही. याचा निकाल कुठंही धरला जाणार नाही."

"मी धरेन ना," व्हर्टिली म्हणाली.

इतक्या लोकांसमोर मागे फिरणं टॅगर्टला शक्य नव्हतं. तो वर आला. सवयीने त्याने खिशातून प्रश्नांचं कार्ड काढलं. उत्तरं मागे छापलेली होती, हे लिंडक्विस्टला दिसलं आणि त्याने भुवया उंचावल्या.

"राष्ट्राध्यक्षावर महाभियोग चालला तर सिनेटमध्ये अध्यक्षस्थानी कोण बसतं?"

"सरन्यायाधीश."

"राष्ट्राध्यक्षानं विधेयक परत पाठवलं तर?"

"दोन्ही सभागृहांत दोन तृतीयांश मतं पडली तर त्याच्या नाकावर टिच्चून मंजूर होतं."

टॅगर्टने कार्डावरचा सगळ्यांत अवघड प्रश्न शोधून विचारला. त्याचंही उत्तर आलं. पुढच्याला तिच्याबरोबर लुव्हेनियाही बोलली. त्याच्या पुढच्याला सगळी ओसरी बोलली. मग प्रश्न रांगेतून मागे मागे सांगितला जाऊ लागला आणि उत्तर गिरणीकडून यायला लागलं. म्हातारे, चर्चचे डीकन, पोर कडेवर घेतलेल्या बाया, सगळ्यांना चेव चढला. एका म्हाताऱ्याने तर प्रश्न पुरा व्हायच्या आत उत्तर दिलं आणि आपलीच टोपी हवेत उडवली. तिच्या शेगडीपाशी, नाहीतर घरी बायकांकडून, एकेकटी बसून शिकलेली माणसं आज पहिल्यांदा एकत्र म्हणत होती.

कार्ड संपलं. टॅगर्टने ते उलटं करून पाहिलं, पुन्हा सुलटं केलं.

"आता माझा एक," व्हर्टिली म्हणाली. "माझ्या नवऱ्याला तुम्ही विचारलेला. सगळी माणसं समान जन्माला येतात. सगळी म्हणजे कोण कोण? तो म्हणाला सगळी, तुम्ही म्हणालात चूक. तो मरेपर्यंत मला बरोबर उत्तर विचारत होता, मिस्टर टॅगर्ट. सांगा आता."

टॅगर्टने कार्डाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. त्याने लिंडक्विस्टकडे पाहिलं. तो हाताची घडी घालून ऐकत उभा होता. टॅगर्टच्या लेखी खरं उत्तर 'फक्त गोरी' असंच होतं, सात वर्षं तेच तर तो त्या खिडकीत बसून देत आला होता. पण भर चौकात, त्या गर्दीसमोर ते मोठ्याने म्हणायची त्याची छाती झाली नाही.

"सगळी," लुव्हेनिया म्हणाली.

"सगळी," तिच्या मागचा माणूस म्हणाला. मग तो शब्द रांगेतून चौक ओलांडत गिरणीपर्यंत गेला आणि तिथून मोठा होऊन परत आला. लिंडक्विस्टचेही ओठ हलले.

व्हर्टिलीचे डोळे वाहत होते. ते तिने तसेच वाहू दिले. उजवा हातमोजा काढला आणि व्हर्टिली मॅब्री अशी ठळक, सावकाश सही केली. मग पर्समधून सात कार्डं काढून टॅगर्टच्या हातात ठेवली.

"एकच प्रश्न होता, तोही अडला तुम्हाला," ती म्हणाली. "पुढच्या खेपेला या."