चौदा नंबरचं मिनिट

डॉक्टर चारुदत्तांचं काम एवढंच असे: सायकल सीटखाली धरायची, चालवणारा बसला की सरळ उभी ठेवायची, आणि घड्याळवाल्याने ‘गो’ म्हटलं की सोडायची. ढकलायचं नाही. एक क्षणही जास्त धरून ठेवायचं नाही.

हे ते १९६२ साली शिकले. इंग्लंडच्या उत्तरेकडल्या एका गावात ज्युनियर डॉक्टर होते. रविवारी पहाटे ड्यूटी संपवून बाहेर पडले तर रस्त्याकडेला दहा-बारा सायकलवाले उभे. तिथली रेसची रीत जुनी होती. घोळक्याने पळालं की पोलीस हरकत घ्यायचे, म्हणून प्रत्येकाने एकट्याने, घड्याळाशी स्पर्धा करायची. दर मिनिटाला एक जण सुटायचा. पाय पॅडलला पट्ट्याने आवळलेले, त्यामुळे निघताना कुणीतरी धरावं लागे. त्या दिवशी धरणारा आलेला नव्हता.

“डॉक, हात स्थिर आहे का?” एकाने विचारलं.

“सर्जन व्हायचंय,” चारुदत्त म्हणाले.

पुढची सात वर्षं तेच धरत होते. लग्न होऊन वीणा तिकडे गेली, तेव्हा नवरा दर रविवारी पहाटे उठून परक्या पुरुषांना धरायला जातो, हे तिने आईला पत्रात कळवलं होतं.

त्या रेसचा आणखी एक नियम होता. नाव दिलेला माणूस आला नाही, तरी त्याचं मिनिट गाळायचं नाही. नंबर पुकारायचा, पूर्ण मिनिट मोजायचं, ‘गो’ म्हणायचं, आणि मग पुढच्याला बोलवायचं.

आता ते शहाऐंशी वर्षांचे होते. अमेरिकेत, मिशिगनमधल्या ॲन आर्बर गावाबाहेर, ह्यूरॉन नदीच्या कडेच्या रस्त्यावर, जुन्या ब्रिटिश सायकलींचं वेड असलेली मंडळी दर मे महिन्यात त्याच रीतीने दहा मैलांची रेस घेत. धरायला चारुदत्त. वीणा दरवर्षी नाव द्यायची, सगळ्यांत शेवटचा नंबर मागून घ्यायची आणि सगळ्यांत शेवटी पोहोचायची. सलवारीला क्लिप लावून सीटवर बसली की मागे न बघता म्हणायची, “थोडं ढकला हो, कोण बघतंय?”

“नियमात बसत नाही.”

यंदा जानेवारीत तिने फॉर्म भरला. फेब्रुवारीत मेंदूत रक्तस्राव होऊन चार दिवसांत गेली. त्यानंतर चारुदत्त नीट जेवत होते, सहा तास झोपत होते. ब्लड प्रेशर एकशे तीसच्या आसपास होतं. रडू येत नव्हतं. येत नाही याचंही काही वाटत नव्हतं. मधूनमधून ते स्वतःला तपासून बघत, पेशंटचं पोट दाबून ‘इथे दुखतं का’ विचारावं तसं. कुठेच दुखत नव्हतं.

रेसची यादी छापून आली. चौदावं नाव वीणाचं. नात रुही तिथल्याच युनिव्हर्सिटीत शिकत होती. तिने विचारलं, “आजोबा, मी आजीच्या नंबरवर राइड करू? तिचीच सायकल घेऊन?”

“नाही.”

“बट इट्स जस्ट अ नंबर.”

“म्हणूनच नाही.”

मग त्यांच्या मुलाचा, संजीवचा फोन आला. “बाबा, करू दे ना तिला. तिचंही काही गेलंच आहे ना?”

“नाव वीणाचं आहे,” ते म्हणाले. दुसरं कारण त्यांच्याकडे नव्हतं. त्यांना फक्त ते मिनिट हवं होतं, कुणी न भरलेलं. त्यात निदान काहीतरी होईल असं त्यांना वाटत होतं.

रेसच्या सकाळी सात अंश तापमान होतं. रुही आली होती. आजीची निळी सायकल घेऊन, हेल्मेट घालून, बाजूला गवतात उभी होती. चारुदत्तांनी पहिली सायकल धरली. एकामागून एक तेरा जण सुटले. एकही सायकल कलली नाही.

घड्याळवाला वॉल्ट, निवृत्त शाळामास्तर, कागदाकडे बघत हळूच म्हणाला, “डॉक, शेवटचंच आहे. आवरायचं का?”

“यादीत आहे ना?”

“आहे.”

“मग मोजा.”

वॉल्टने खाकरून नंबर पुकारला, “चौदा.” चारुदत्त आपल्या जागेवर उभे राहिले. त्यांच्या लक्षात आलं की आपण कमरेत वाकलोय. वीणाची सीट सगळ्यांत खाली असायची. तीस सेकंद. लांबून एक ट्रक आला आणि गेला. दहा. पाच, चार, तीन, दोन, एक.

“गो.”

काही झालं नाही. पाठीला रग लागली होती, तेवढीच. वॉल्टने नावापुढे एक आडवी रेघ मारली.

गवतात रुही हेल्मेटचा पट्टा सोडवत होती. बोटं गारठली असावीत, तिला ते जमत नव्हतं.

“घड्याळ थांबवलंत का?” चारुदत्तांनी विचारलं.

“अजून नाही,” वॉल्ट म्हणाला. “बावीस सेकंद झाली.”

“रुही. ये.”

“पण नंबर—”

“नंबर नाही. वेळ लिहिणार नाहीत. येतेस?”

ती आली, बसली. चारुदत्तांनी सीटखाली धरलं. इंग्लंड असो की मिशिगन, निघायच्या आधी माणूस थरथरतो आणि ती थरथर लोखंडातून हातात येते, हे त्यांना ठाऊक होतं. मघाशी तेरा जणांची आली असणारच, त्यांना जाणवली नव्हती. ही जाणवली. बोटांतून मनगटापर्यंत आली. त्याच्या वर नाही.

“आजोबा, पुश करणार?”

“नाही.”

“आजी म्हणाली होती, यू नेव्हर डू.”

वॉल्टने पाचपासून मोजलं. शून्याला चारुदत्तांनी हात सोडले. रुही थोडी डावीकडे गेली, सावरली, आणि गुडघे हँडलला लागतील की काय अशी पॅडल मारत वळणाआड दिसेनाशी झाली.

तेव्हा त्यांना सुचलं की सीट दोन इंच तरी वर घ्यायला हवी होती. पाना गाडीतच होता. ते जाऊन तो घेऊन आले आणि ती परत येईपर्यंत हातात धरून रस्त्याच्या कडेला उभे राहिले.