धिम्या तारेवरची होडी

मी एक जुना संगणक आहे. पूर्णगडला करीमभाईंच्या खिडकीखालच्या मेजावर चौदा वर्षे बसून आहे. करीमभाई होड्यांचे आराखडे ज्या प्रोग्रॅममध्ये काढत, तो माझ्याशिवाय दुसरीकडे चालतच नाही. त्यामुळे ते आराखडेही माझ्यासारखेच इथे अडकलेले.

मित्रांनो, एकेकाळी मला मान होता. "करीमचा डबा होडी सांगतो," असे बंदरावर म्हणत. वैशाखात करीमभाई गेले आणि माझ्यावर कापड पडले.

ते आषाढात उचलले गेले. धाकू सुतारांची होडी अर्धी उभी होती. शेवटच्या चार फासळ्यांचा आराखडा माझ्या पोटात होता, आणि नारळी पौर्णिमेला होडी पाण्यात जायची होती. तो प्रोग्रॅम चालवता येई फक्त करीमभाईंच्या लेकीला, अमरीनला. ती मस्कतला.

तिने माझा पडदा तिथून आपल्या पडद्यावर उघडला. पण आमची इंटरनेटची तार फार धिमी. तिने टिचकी मारली, काही दिसले नाही, म्हणून पुन्हा मारली. पुन्हा मारली. साऱ्या टिचक्या माझ्याकडे उशिरा, एकदम पोहोचल्या.

"अगो, हितं खिडक्यांची जत्रा भरली!" धाकूकाका फोनवर ओरडले. "तुझा बापूस एकच उघडायचा."

तेवढ्यात माझ्यावर प्रश्न उमटला: आराखडा पुसायचा का? पुढची टिचकी वाटेत होती. मी काहीच करू शकत नव्हतो. अमरीनच्या आईने, मरियमचाचींनी, इंटरनेटची तारच उपटली.

प्रश्न पुसून झाल्यावर चाचींनी तार परत खोचली.

"अम्मी," अमरीन म्हणाली, "पडद्यावर मागे अब्बांनी लावलेला फोटो आहे ना, तो दर वेळी इकडे नव्याने यावा लागतो. त्यानेच तार तुंबते. काढू?"

"काढ. पण काम झालं की परत लाव."

फोटो गेला, साधा करडा रंग आला. तिने एक टिचकी मारली आणि वाट पाहिली. आराखडा उघडला. धाकूकाकांनी फासळ्यांची मापे वहीत उतरवली आणि चहा न घेताच किनाऱ्याकडे सुटले.

मग अमरीनने फोटो परत लावला. तो तिच्याकडे पट्टीपट्टीने पोहोचला. आधी आभाळ, मग पालथी होडी, तिच्यावर बसलेली सहा वर्षांची अमरीन, आणि सर्वांत शेवटी वाळूवर पडलेली फोटो काढणाऱ्याची सावली. तेवढ्या वेळात तिने एकदाही टिचकी मारली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही असे एखादे यंत्र कापडाखाली असेल. कापड अधूनमधून उचला. आतले हळूहळू येते, तेवढे थांबा.