शंभराव्या दिवसाचं ताट

प्रेबेनने पावाची कड कापून टाकली, दोन जाड चकत्या केल्या, त्यांवर जुन्या चीजचा एकेक तुकडा ठेवला आणि सगळं केळीच्या पानात गुंडाळायला घेतलं. पान एका बाजूने फाटलं. लमदुआन असती तर तिने ते आधी विस्तवावर धरून मऊ करून दिलं असतं. त्याने फाटल्या जागी पानाचं दुसरं ठिगळ लावलं, वर निळा दोरा गुंडाळला, पाण्याची लहान झारी उचलली आणि तो अनवाणी फाटकाशी जाऊन गुडघ्यांवर बसला.

भिक्खू रांगेने आले. शेजारच्या बायकांनी त्यांच्या पात्रांत चिकट भाताचे गोळे घातले, प्रेबेनने पाव घातला. म्हाताऱ्या भिक्खूंनी पात्रावर झाकण ठेवलं, आशीर्वाद पुटपुटला आणि रांग पुढे गेली. मग प्रेबेनने चिंचेच्या मुळाशी झारीतलं पाणी हळूहळू सोडलं. पाणी सोडताना ज्याचं नाव घ्यावं त्याला भिक्षेतलं अन्न पोचतं, असं बँकॉकपासून लांबच्या या गावात सगळेच मानतात. डेन्मार्कच्या गोदीत जन्मभर क्रेन चालवलेला हा माणूस देवाधर्माच्या वाटेला कधी गेला नव्हता. पण बायको गेल्यापासून त्याने एकही सकाळ चुकवली नव्हती.

"लमदुआन," तो मुळाशी वाकून म्हणाला, "पाव आज जरा करपलाय. सांभाळून घे."

पावसाळ्याच्या शेवटी ती गेली. शवपेटी घरात होती तोवर तिची धाकटी बहीण सुमाली रोज जेवणाच्या वेळी ताट घेऊन यायची आणि पेटीवर टकटक करून म्हणायची, "ताई, ऊठ, जेवून घे." पहिल्या दिवशी प्रेबेनला ते ऐकवेना, तो उठून अंगणात गेला. दुसऱ्या दिवशी त्याने स्वतःच पावाची बशी आणली आणि पेटीवर बोट वाजवलं. गावातल्या बायकांना तेव्हा भडभडून आलं. फिरंगी असून रीत पाळतो म्हणाल्या.

उद्या शंभरावा दिवस. भिक्खूंना जेवू घालायचं, तिच्या आवडीचं ताट करायचं, तिच्या नावाने पाणी सोडायचं. त्यानंतर मेलेलं माणूस खऱ्या अर्थाने वाटेला लागतं म्हणतात. घर, जमीन, सगळं लमदुआनच्या नावावर होतं. त्यावर सुमाली एवढंच म्हणाली होती, "घर तुमचंच आहे दाजी, पुन्हा विषय नको." इथे राहण्याचा परवाना वाढवायच्या कचेरीत आता त्याच्या वतीने बोलायला कोणी नव्हतं, डेन्मार्कहून मुलगी परत ये म्हणत होती. पण ते सगळं त्याने उद्याच्या पलीकडे ढकललं होतं. उद्या तिचं जेवण नीट व्हायला हवं, बाकी मग बघू.

सकाळीच डूगल मोटारसायकलवरून आला. तो स्कॉटलंडचा, तालुक्याच्या गावी राहायचा. बँकॉकहून कोणी येणार असलं की प्रेबेनसाठी राय नावाच्या धान्याचं पीठ आणि चीज मागवून ठेवायचा, कारण इकडच्या दुकानातला पाव केकसारखा गोड. चीजचा पुडा त्याने हात लांब करूनच पुढे केला.

"घे बाबा हे तुझं मढं. फाट्यावरची चहावाली विचारत होती, पिशवीत काय मेलंय म्हणून."

"जुनं चीज असंच असतं."

"उद्याचं काय करतोयस?"

"पाव. हे चीज. आणि बटाट्याचं सूप. तिला आवडायचं ते."

"आवडायचं?"

"इतकी वर्षं समोर बसून खाल्लं तिने. एकदाही नाक मुरडलं नाही."

"नशीबवान आहेस लेका," डूगल म्हणाला. "माझ्या बायकोची मुरलेल्या मासळीची बरणी स्वयंपाकघरात ठाण मांडून बसलीय. मी म्हटलं, एक तर ती राहील नाहीतर मी राहीन. बायको म्हणाली, मग तुझी बॅग भरून देऊ का? तुझ्याकडे मात्र कधी तो वास आला नाही."

"लमदुआन खायचीच नाही," प्रेबेन म्हणाला. त्याच्या आवाजात थोडा मोठेपणा होता.

"इकडची बाई? मुरलेली मासळी खायची नाही?"

"नाही."

 डूगलने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग हेल्मेट घातलं.

"उद्या येतो," तो म्हणाला. "बायकोला घेऊन."

तो गेल्यावर प्रेबेनने चीज फ्रिजमध्ये ठेवलं आणि लमदुआनच्या फोटोपुढच्या बशीतली लिंबाची फोड बदलली. हा त्याचा रोजचा नेम. इतर बायका अत्तरं लावतात, माझ्या बायकोच्या हातांना लिंबाचा वास येतो, असं तो चारचौघांत सांगायचा. दुपारी तो झोपला की ती सुमालीकडे जायची, परत येऊन त्याच्या कपाळावर तळहात ठेवायची, आणि लिंबाच्या त्या वासाने त्याला जाग यायची. आता तो फोड स्वतःच्याच तळव्याला चोळायचा, हात कपाळावर ठेवून पडायचा. वास तोच होता, तरी रडू यायचं ते यायचंच.

दुपारी तो उद्या किती भिक्खूंची पानं मांडायची ते विचारायला विहारात गेला. सभामंडपाच्या सावलीत विहारातली कुत्री जेवत होती. त्यांच्यात केळीचं पान पडलं होतं, एका बाजूने फाटलेलं आणि ठिगळ लावलेलं. निळा दोराही तिथेच होता. एक पिवळं कुत्रं पावावरचं चीज चाटून पुसून खात होतं. पाव त्याने तसाच ठेवला होता.

अंगण झाडणारी म्हातारी केरसुणीवर हात ठेवून उभी राहिली.

"तुमच्यामुळे बाळसं धरलंय हो यांनी, बेन." गावाला त्याचं नाव तेवढंच झेपायचं.

"भिक्खू नाही खात?"

"चावून बघतात बिचारे. पण तो पाव चावायला दात तर हवेत." ती हसली, मग त्याचा चेहरा पाहून थांबली. "पुण्य पोचतं हो. ते काही कुत्री खात नाहीत."

पुण्य पोचत असेल. प्रेबेनला पुण्यातलं काही कळत नव्हतं, तो आपला जेवण पाठवत होता. ते दात नसलेल्या भिक्खूंना नको होतं, कुत्र्यांनासुद्धा नुसतं चीज हवं होतं. मग तिचं काय? ही शंका आजवर आपल्या डोक्यात कशी आली नाही, याचंच त्याला नवल वाटलं. कोणाला काही न विचारता तो तसाच सुमालीच्या घरी गेला.

सुमाली मागच्या अंगणात बांबूच्या माचावर बसून उद्यासाठी लसूण सोलत होती. तो समोर बसला.

"सुमाली, खरं सांग. तुझ्या ताईला माझा पाव आवडायचा का?"

"खायची की."

"खायची ते मी पाहिलंय. आवडायचा का?"

"दाजी, उद्याचं एवढं काम पडलंय आणि तुम्ही..."

"सुमाली."

तिने सुरी खाली ठेवली.

"पहिल्यांदा खाल्ला तेव्हा इथे येऊन म्हणाली, कौलावरचं शेवाळ खरवडून भाजल्यासारखं लागतं."

प्रेबेनला हसू आलं. लमदुआन हे कशी म्हणाली असेल ते त्याच्या कानांत वाजलं. मग हसू गेलं.

"मला का नाही बोलली?"

"म्हणायची, माणूस एवढं सोडून आला, तोंडाची चव तेवढी बरोबर आणली. तीही काढून घेऊ का?"

"मग तिला काय आवडायचं?"

सुमाली उठली. भिंतीकडेला पाण्याच्या रांजणाशेजारी दोन मातीच्या बरण्या होत्या. त्यातल्या एकीवरचं फडकं तिने सोडलं आणि वास अंगणभर झाला. मीठ, कोंडा आणि महिनोन्‌महिने मुरलेली मासळी. प्रेबेनची मान आपोआप वळली.

"ही ताईची," सुमाली म्हणाली.

बरणी त्याच्या ओळखीची होती. कडेला टवका उडालेला. लग्नानंतरच्या पहिल्याच महिन्यात त्याने ती नाक धरून फाटकापर्यंत नेली होती आणि म्हटलं होतं, हा वास माझ्या घरात नको. लमदुआन हसली होती. बरणी काखेला मारून ती बहिणीकडे गेली आणि संध्याकाळी काहीच न झाल्यासारखी परत आली. किती समजूतदार बायको मिळाली, असं त्याला तेव्हा वाटलं होतं. पुढे तो ते विसरूनही गेला. त्याच्या चीजबद्दल ती कधी चकार शब्द बोलली नव्हती, हे त्याला आज आठवलं.

"रोज यायची," सुमाली सांगत होती. "तुम्ही दुपारी आडवे झालात की."

"मला सांगायची, सुमालीच्या कोंबड्यांना दाणे घालून येते."

"माझ्या कोंबड्या पुरात मेल्या दाजी. त्यानंतर मी पाळल्यात कधी?"

प्रेबेनने अंगणाकडे पाहिलं. खरंच, एकही कोंबडी नव्हती. इतक्यांदा तो इथे येऊन गेला होता.

"एवढे दिवस मी पाव देत राहिलो. तू तरी सांगायचंस."

"तीच नको म्हणाली. अगदी शेवटी, पाणीसुद्धा उतरत नव्हतं तेव्हा." सुमालीने खांद्यावर पदरासारखं घेतलेलं फडकं डोळ्यांना लावलं. "म्हणाली, मी गेल्यावर तो मला पावच देणार. देऊ दे त्याला. मी खाईन, मला सवय आहे."

प्रेबेनने चष्मा काढला आणि सदऱ्याच्या टोकाने बराच वेळ पुसला.  शेवटी चष्मा घालून तो म्हणाला,

"मला शिकव."

सुमालीने त्याच्या हातात कच्ची पपई दिली. तिच्यावर सुरीचे उभे घाव घालून कीस पाडायचा, बोटं सांभाळायची. मातीच्या खलात लसूण आणि मिरच्या आधी, मग लांब शेंगा, टोमॅटो, पपईचा कीस. बत्ता जोरात मारायचा नाही.

"कुटायचंय दाजी, खिळा नाही ठोकायचा."

बरणीत पळी त्यालाच घालावी लागली. त्याने श्वास धरला, मग सोडला आणि वास आत घेतला. डोळ्यांत पाणी आलं, ते वासाचंच होतं असं त्याला सांगता आलं नसतं. चिकट भाताचा गोळा त्याने खलात बुडवून तोंडात टाकला. खारट, तिखट, आंबट आणि त्या सगळ्याच्या खाली काहीतरी खोल, काळपट, भरीव. त्याला ते आवडलं नाही. पण ही चव जिभेवर बसलेल्या माणसाला बाकीचं जेवण फिकं का लागावं, हे त्याला कळलं.

सुमालीने चाखलं.

"ताईने नावं ठेवली असती," ती म्हणाली. "पण संपवलं असतं."

मग ती रांजणापाशी गेली. वर लिंबाचं झाड वाकलं होतं. एक लिंबू तोडून तिने दगडावर चिरलं, एक अर्ध स्वतःच्या बोटांना चोळलं आणि दुसरं त्याच्यापुढे धरलं.

"घ्या. नुसत्या साबणाने नाही जात तो वास. ताई तर निघताना कोपरापर्यंत चोळायची. थंडीत बोटं चिरलेली असली की डोळ्यांत पाणी यायचं तिच्या, तरी चोळायची. म्हणायची, त्याला कळता कामा नये."

प्रेबेन लिंबाचं अर्ध हातात धरून उभा राहिला. दगडावर सालींचा जुना, वाळून काळा पडलेला ढीग होता.

"काय झालं, दाजी?"

"काही नाही."

त्याने लिंबू दगडावर पालथं ठेवलं आणि तो हात न धुता घरी गेला. फोटोपुढची बशी उचलून त्याने फोड बाहेर फेकून दिली.

दुसऱ्या दिवशी भिक्खू जेवायला बसले. पाव नव्हता. त्याने पहाटे पुन्हा कुटलेली पपईची वाटी थोरल्या भिक्खूंपुढे ठेवली, तेव्हा म्हाताऱ्याने एकदा वास घेतला, एकदा प्रेबेनकडे पाहिलं आणि भाताचा गोळा बुडवला. डूगलची बायको नवऱ्याच्या कानात काहीतरी कुजबुजली. पिवळं कुत्रं पायरीशी येऊन बसलं होतं.

जेवणं झाल्यावर मंत्र सुरू झाले. प्रेबेनने पाणी भांड्यात सोडलं आणि मग भांडं घेऊन चिंचेच्या झाडापाशी गेला. सुमाली त्याच्या मागे येऊन गुडघ्यांवर बसली. प्रेबेनच्या बोटांना अजून मासळीचा वास होता. त्याने मुळाशी धार धरली.

"लमदुआन," तो म्हणाला, "पोटभर जेव. आणि हात नको धुऊस."